दोन तालांव आणि बेलीफाचं बिल

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डिचोलीहून लिहितेय. आमच्या धाकट्याने, बाबूने, आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट केला आणि २०१८ ला तो इंग्लंडात गेला. दिवसा वेअरहाऊसला असतो आणि संध्याकाळी स्वतःच्या जुन्या गाडीने लोकांच्या घरी जेवणाची पार्सलं पोचवतो. गेल्या नोव्हेंबरात त्याने खोली बदलली. जानेवारीत एकाच आठवड्यात त्याला पार्किंगचे दोन तालांव, म्हणजे दंडाच्या चिठ्ठ्या, लागले, एक काचेवर चिकटवलेला त्याने बघितला होता पण नंतर भरू नंतर भरू म्हणून राहून गेलं, दुसरा तर दिसलाच नाही म्हणतो. मग कित्येक महिने कसलंच पत्र नाही, आणि आता चवथीला आठ दिवस असताना सकाळी साडेसहाला दारात बेलीफ. बाबूने दार उघडलं नाही तेव्हा त्याने फटीतून कागद आत सरकवला, साडेनऊशे पौंडांच्या वर रक्कम, तिच्याभोवती पेनने गोल केलेला, आणि खाली लाल अक्षरांत की पैसे आले नाहीत तर गाडी उचलणार. गाडी गेली तर संध्याकाळचं काम गेलं. यांना अजून सांगितलं नाही, यांचं बीपी वर जातं. माझ्या पाटल्या काढून ठेवल्यात, सोमवारी सोसायटीत गहाण टाकून पैसे पाठवणार आहे. पण ताई, दोन तालांवांचे लाखभर रुपये होतात तरी कसे? त्याला पोलिस धरतील का? तिथे राहण्याच्या त्याच्या कागदांना काही होईल का?
– बाबूची आई, डिचोली

उत्तर : काकी, पहिलं म्हणजे पाटल्या परत कपाटात ठेवा. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुमच्याशी फोनवर बोलले, मग बाबूशी बोलले आणि त्याने सगळ्या कागदांचे फोटो पाठवले, तेव्हा पुढे जे लिहितेय ते तुम्हाला थोडंफार ठाऊक आहे. तरी इथे सविस्तर देतेय, कारण स्विंडन, साउथॉल, वेंब्ली इकडे आपली एवढी मुलं आहेत आणि अशी पत्रं मला वर्षाला चार-पाच तरी येतात. गावाचं आणि बेलीफ कंपनीचं नाव मुद्दाम गाळलंय.

तुमच्या भीतीचं आधी सांगते. काउन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, पार्किंगचा दंड हा तिथे फौजदारी गुन्हा नाही, दिवाणी येणं आहे. त्यासाठी पोलिस धरत नाहीत, तुरुंग नाही, आणि सेटल्ड स्टेटसला, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीला, त्याने धक्का लागत नाही. बँकेच्या क्रेडिट रेकॉर्डवर सुद्धा हा दंड चढत नाही. धोका आहे तो गाडीला, आणि तो खरा आहे, म्हणून हातपाय गाळून बसायचं नाही आणि घाईने पैसेही पाठवायचे नाहीत.

आपल्याकडे बेलीफ म्हटलं की कोर्टाचा शिपाई डोळ्यापुढे येतो, समन्स घेऊन येणारा, सरकारी पगारावरचा. तिथे काउन्सिलच्या दंडासाठी जो येतो तो बहुतेक वेळा खाजगी कंपनीचा माणूस असतो, कोर्टाचं सर्टिफिकेट घेतलेला, हल्ली त्याला एन्फोर्समेंट एजंट म्हणतात, आणि त्याच्या कंपनीची कमाई आपल्याकडून घेतलेल्या फीवर चालते. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बिलाकडे बघायची नजर बदलते. ते बिल म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. त्यातला दंडाचा भाग कोर्टातून आलेला असतो, वरची फी त्या कंपनीने लावलेली असते आणि ती चुकू शकते.

आता दोन तालांवांचे लाखभर कसे झाले ते बघू. लंडनबाहेर बाबूला लागला तसला दंड ७० पौंड, १४ दिवसांत भरला तर निम्मा, ३५. नाही भरला तर २८ दिवसांनंतर गाडीच्या मालकाला पत्र जातं, त्याला नोटीस टू ओनर म्हणतात, आणि हेच पत्र सगळ्यात महत्त्वाचं कारण हरकत घ्यायचा हक्क त्यातून मिळतो. त्यालाही उत्तर नाही गेलं तर चार्ज सर्टिफिकेट निघतं आणि दंड दीडपट, म्हणजे १०५. मग काउन्सिल नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये हे येणं नोंदवते, तिथली थोडी फी वर चढते, २१ दिवसांची मुदत असते आणि ती संपली की वसुलीचं वॉरंट बेलीफाच्या हातात. त्याची फी २०१४ च्या नियमांत टप्प्याटप्प्याने बांधून दिलेली आहे, केस हातात आली की ७५ पौंड, प्रत्यक्ष दारात आला की २३५, आणि सामान विक्रीला न्यायला आला तर ११०. दीड हजार पौंडांच्या आतल्या येण्यावर एवढंच, टक्केवारी त्याच्या वरच्या रकमेवर लागते. ‘लेटर फी’, ‘व्हॅन फी’, ‘अ‍ॅडमिन’ असल्या नावांनी काही लावलं असेल तर ते या नियमांत नाही. (हा अंक पुढे कधी कुणी वाचत असेल तर आपल्या नोटिशीच्या तारखेला कुठला दर लागू होता तो बघून घ्या.)

बाबूच्या कागदावर काय लिहिलंय तर दोन दंड, १०५ चे दोन म्हणजे २१०, कोर्टाची फी, मग ७५ दोनदा, २३५ दोनदा आणि शेवटी ११०. मी फोटो मोठा करून तीनदा वाचला.

७५ दोनदा बरोबर आहे, दोन वॉरंटं आहेत. पण २३५ दोनदा कसं? माणूस एकच, सकाळ एकच, दार एकच. एकाच कर्जदारावर एकाहून जास्त वॉरंटं एजंटाकडे असतील तर शक्य असेल तिथे ती एकत्र चालवायची आणि दारात येण्याची फी एकदाच घ्यायची असं त्याच फी नियमांतल्या अकराव्या कलमात आहे. दोन्ही वॉरंटं त्या सकाळी त्याच्याकडे होतीच, एकाच कागदावर दोन्ही नंबर छापलेत की! आणि ११० कशाचे? त्याने अजून एक चमचासुद्धा ताब्यात घेतलेला नाही, घरात पाऊल नाही, गाडीच्या चाकाला क्लॅम्प, म्हणजे कुलूप, नाही. विक्रीचा टप्पा सामान विक्रीला नेण्यासाठी आल्यावर सुरू होतो, पहिल्याच भेटीत कागद सरकवून निघून गेलेल्या माणसाला तो लावता येत नाही. म्हणजे २३५ आणि ११०, सरळ ३४५ पौंड जास्तीचे. आपल्या पैशात पस्तीस हजारांच्या वर.

एवढं झालं बिलाचं. पण काकी, याच्याही आधीचा प्रश्न आहे आणि मी बाबूला फोनवर पहिला तोच विचारला, की गाडीच्या लॉगबुकवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, पत्ता कुठला? तो म्हणाला लायसन्सवर नवीन केलाय. मी म्हटलं लायसन्स नको सांगू, लॉगबुक सांग. थोडा वेळ गप्प, मग कपाट उघडल्याचा आवाज, आणि मग हळू आवाजात, "ताई, जुनाच आहे." इथेच सगळं अडतं. लायसन्सचा पत्ता बदलला की लॉगबुकचा, ज्याला व्ही ५ सी म्हणतात, आपोआप बदलतो असं निम्म्या मुलांना वाटतं, तो बदलत नाही, दोन्ही वेगवेगळे कळवावे लागतात. काउन्सिल मालकाचा पत्ता गाडीच्या नोंदीवरून घेते. त्यामुळे नोटीस टू ओनर, चार्ज सर्टिफिकेट, कोर्टाचा आदेश, सगळी पत्रं जुन्या खोलीवर गेली, तिथे नवे भाडेकरू, त्यांनी ती केराच्या डब्यात टाकली की काय केलं कोण जाणे.

चूक बाबूची आहेच, पत्ता न कळवणं हा तिथे दंडाचा विषय आहे आणि ते मी त्याला स्पष्ट सांगितलं. पण पत्र मिळालंच नाही तर त्याला कायद्यात वाट ठेवलेली आहे. टीई ९ म्हणून एक फॉर्म असतो, साक्षीचं निवेदन, त्यात चारच कारणं चालतात, नोटीस टू ओनर मिळाली नाही, किंवा हरकत घेतली होती पण तिचं उत्तर आलं नाही, किंवा ट्रायब्युनलकडे अपील केलं होतं पण निकाल कळला नाही, किंवा दंड पूर्ण भरलेला आहे. बाबूचं कारण पहिलं. काचेवरचा तालांव त्याने बघितला होता म्हणून तो घाबरत होता, की आता खोटं बोलल्यासारखं होईल. नाही होत. फॉर्म विचारतो ते काचेवरच्या कागदाबद्दल नाही, पोस्टाने येणाऱ्या नोटिशीबद्दल, आणि ती त्याला खरंच मिळाली नाही. मात्र या फॉर्मवर खोटं लिहिलं तर ते कोर्टाची फसवणूक होते, तेव्हा ज्याला पत्र मिळालं होतं त्याने हा रस्ता धरायचा नाही, मी कुणालाही तसं सांगणार नाही.

२१ दिवसांची मुदत गेलेली आहे म्हणून टीई ९ च्या जोडीला टीई ७ भरायचा, उशीर का झाला ते सांगणारा. दोन वॉरंटं म्हणून दोन्ही फॉर्म दोनदा. फी नाही, वकील नको, ईमेलने जातात. टीई ७ मध्ये "मला माहीत नव्हतं" एवढ्यावर सोडायचं नाही, तारखा द्यायच्या, कुठल्या तारखेला खोली सोडली, नवीन खोलीचा करार कधीचा, बेलीफाचा कागद मिळाला तेव्हा पहिल्यांदा कळलं ती तारीख, आणि त्यानंतर किती दिवसांत फॉर्म पाठवला. कराराची प्रत आणि नवीन पत्त्यावरचं एखादं लाइट बिल किंवा बँकेचं पत्र जोडायचं. अर्ज नोंदला गेला की निर्णय होईपर्यंत वसुली थांबवून ठेवतात, तरी बाबूने पोच आल्याबरोबर तिची प्रत बेलीफ कंपनीला आणि काउन्सिलला दोघांनाही पाठवायची, कारण एका टेबलावरचं दुसऱ्या टेबलावर पोचेपर्यंत गाडी उचलून नेलेली मी बघितली आहे.

मंजूर झालं तर कोर्टाचा आदेश रद्द, वॉरंट रद्द, आणि वॉरंटच नाही तर त्यावरची बेलीफाची फी कुठली? प्रकरण मागे जातं, काउन्सिल नव्याने नोटीस काढू शकते आणि बाबूला ७० चे दोन, १४० पौंड भरावे लागतील किंवा हरकत घेता येईल. कुठे साडेनऊशे आणि कुठे १४०. नामंजूर होण्याचीही शक्यता आहे, काउन्सिल म्हणेल याने पत्ता कळवला नाही ही याची चूक, आणि कधी कधी तिथला अधिकारी ते मान्य करतो. तेव्हा एन २४४ नावाच्या अर्जाने १४ दिवसांत डिस्ट्रिक्ट जजकडे फेरविचार मागता येतो, त्याला मात्र फी पडते, कमी उत्पन्न असेल तर ती माफ होऊ शकते.

आणि समजा तिथेही नाही जमलं, तरी ३४५ चा मुद्दा जिवंत राहतो. हे लक्षात ठेवा, दोन वाटा वेगळ्या आहेत. एक वॉरंटाच्या मुळाशी जाते, दुसरी नुसत्या फीबद्दल आहे, आणि दोन्ही एकाच दिवशी सुरू करायच्या.

फीबद्दलची तक्रार आधी बेलीफ कंपनीला, लेखी, आणि तीच काउन्सिलला. लोक कंपनीशी भांडत बसतात आणि काउन्सिलला विसरतात, पण कंपनी काउन्सिलने नेमलेली आहे आणि तिच्या वागण्याची जबाबदारी काउन्सिलवर येते. पत्रात रडायचं नाही, "एवढी फी अन्याय आहे" असं लिहिलं की ते छापील उत्तर पाठवतात की फी कायद्याने ठरलेली आहे, आणि त्यांचं ते म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबरच असतं. २३५ ही रक्कम आपल्याला कितीही जास्त वाटली तरी ती कायदेशीर आहे. आपला मुद्दा रकमेचा नाही, कुठला टप्पा खरंच झाला आणि कुठला नाही याचा आहे. म्हणून विचारायचं की कुठल्या तारखेला कुठला टप्पा सुरू झाला, दोन वॉरंटं असताना दारात येण्याची फी दोनदा कुठल्या नियमाने, ११० कशासाठी, आणि वसुलीची नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवली होती.

हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. दारात येण्याआधी एजंटाने किमान सात पूर्ण दिवसांची नोटीस द्यायला हवी, त्यात रविवार आणि बँक हॉलिडे धरायचे नाहीत. ते दिवस असतात ते माणसाला ७५ वर प्रकरण मिटवता यावं म्हणून. बाबूची नोटीसही जुन्या खोलीवर गेली, मग कंपनीने कुठून तरी नवीन पत्ता शोधला आणि नवीन नोटीस न देता सरळ माणूस पाठवला. म्हणजे स्वस्तात सुटायची संधी त्याला मिळालीच नाही. शिवाय वॉरंट निघाल्यावर पत्ता बदललाय असं दिसलं तर काउन्सिलने ते नवीन पत्त्यासाठी कोर्टाकडून पुन्हा काढून घ्यायची पद्धत आहे, ती पाळली का हेही पत्रात विचारायचं.

सोबत सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट टाका, आपल्याबद्दलची त्यांच्याकडची सगळी माहिती मागायचा हक्क, फुकट असतो आणि साधारण एका महिन्यात द्यावी लागते. एजंटाच्या अंगावर कॅमेरा होता असं बाबू म्हणतो, तर ते चित्रीकरण, त्याच्या भेटीच्या नोंदी, सगळं मागा.

काउन्सिलच्या तक्रारीच्या पायऱ्या संपल्या आणि समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे, म्हणजे काउन्सिलबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, फुकट जाता येतं, बारा महिन्यांच्या आत. कोर्टाकडून फीची तपासणी करून घ्यायचीही सोय आहे पण हरलो तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो, तीनशे-साडेतीनशे पौंडांसाठी मी तो रस्ता सांगत नाही.

मधल्या दिवसांत बाबूने काय करायचं? दार उघडायचं नाही, खिडकीतून बोलायचं, आणि हे उद्धटपणाने नाही, शांतपणे. पार्किंगच्या दंडासाठी पहिल्या भेटीत ते दार फोडून आत येऊ शकत नाहीत, पण एकदा आपण आत घेतलं आणि त्यांनी सामानाची यादी करून सही घेतली की पुढच्या वेळी चित्र बदलतं. सकाळी सहा ते रात्री नऊ ही त्यांची वेळ, म्हणून साडेसहाला आला त्यात बेकायदा काही नव्हतं. गाडी मात्र रस्त्यावरूनही उचलू शकतात. इथे बाबूच्या बाजूचा एक नियम आहे, स्वतःच्या धंद्यासाठी लागणारी हत्यारं, वाहनसुद्धा, सगळं मिळून १,३५० पौंडांपर्यंतचं असेल तर त्याला हात लावता येत नाही. त्याची गाडी बारा वर्षांची आहे, किंमत हजाराच्या आसपास सांगतो. त्याने पार्सलच्या कामाच्या पावत्या, बिझनेस वापराचा विमा आणि तसल्याच गाड्यांच्या विक्रीच्या दोन-तीन जाहिरातींचे फोटो काढून कंपनीला आत्ताच पाठवावेत, गाडी उचलल्यावर नाही.

मी हे एवढं तळमळीने लिहितेय त्याला कारण आहे. मी तिकडे नऊ वर्षं होते आणि माझ्याही दारात असाच एक माणूस उभा राहिला होता, पायरीवर एक बूट टेकवून, हातात कार्डचं मशीन. मुलगी आतल्या खोलीत झोपलेली, शेजारी पडद्यातून बघतायत, आणि मी त्याने सांगितलेली सगळी रक्कम भरून टाकली, कशाची म्हणून विचारलंसुद्धा नाही. पावती सहा महिन्यांनी वाचली तेव्हा कळलं त्यात काय काय घातलं होतं. म्हणून काकी, घाबरलेल्या माणसाला पहिल्यांदा कागद वाचायला बसवावं लागतं, आणि ते इथून डिचोलीतून फोनवर तुम्ही करू शकता. त्याला सांगा की सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस आणि नॅशनल डेटलाइन दोन्हीकडे फुकट सल्ला मिळतो, त्यांच्याशी बोलताना कागद समोर ठेव. आणि काकांना सांगून टाका. बीपी वाढेल ते आज थोडं, नंतर दुसरीकडून कळलं तर जास्त.

प्रश्न : माझ्या भाच्याला लेस्टरमध्ये सुपरमार्केटच्या पार्किंगसाठी खाजगी कंपनीचं पत्र आलंय, १०० पौंड, आणि आता दुसरीच कुठली कंपनी लिहिते की बेलीफ पाठवू. हे पण तसंच का?
– एक मामा, फोंडा

उत्तर : नाही, अजिबात तसं नाही. दोन्ही कागदांवर इंग्रजीत तीच तीन आद्याक्षरं, पीसीएन, असतात म्हणून घोळ होतो. काउन्सिलचा असतो तो पेनल्टी चार्ज नोटीस, खाजगी कंपनीचा असतो पार्किंग चार्ज नोटीस, आणि हा दुसरा म्हणजे दंड नव्हेच, कराराचं येणं आहे असा त्या कंपनीचा दावा. तिला बेलीफ पाठवायचा असेल तर आधी काउंटी कोर्टात दावा करून निकाल मिळवायला हवा आणि तो भाच्याने मुदतीत भरला नाही असं व्हायला हवं. आत्ता पत्रं पाठवतेय ती वसुली एजन्सी, तिला दारात उभं राहून सामान मागायचा काही हक्क नाही. पण कोर्टाचा क्लेम फॉर्म म्हणून लिफाफा आला तर तो मात्र त्याच दिवशी उघडायचा आणि मुदतीत उत्तर द्यायचं, कारण इथे निकाल विरोधात गेला आणि महिन्याभरात भरला नाही तर तो क्रेडिट रेकॉर्डवर सहा वर्षं राहतो. म्हणजे या बाबतीत काउन्सिलच्या दंडापेक्षा हे जास्त चिकटतं.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरतोय की बेलीफाला काही न देता मूळ दंड काउन्सिलच्या वेबसाइटवर भरून टाकायचा, मग बेलीफाची फी आपोआप बुडते. मुलगी विचारते करू का?
– म्हापसा

उत्तर : करू नका. वॉरंट एकदा एजंटाकडे गेलं की काउन्सिलला थेट भरलेल्या पैशातूनही आधी त्याचे ७५ कापले जातात आणि उरलेले दंड आणि बाकीची फी यांत वाटले जातात, म्हणजे दंड पूर्ण फिटलेला दिसत नाही आणि जे राहिलं त्यासाठी तो परत येतो. मी अशा दोन मुलांचे कागद बघितलेत, दोघांनी काउन्सिलची पावती दाराला चिकटवून ठेवली होती आणि दोघांच्या गाडीला क्लॅम्प लागला. मुलीला आधी विचारा वॉरंट कुठल्या पत्त्यावर निघालंय, आणि तिच्या गाडीचं लॉगबुक कुठल्या पत्त्यावर आहे. जुन्या पत्त्यावर असेल तर आज रात्रीच ऑनलाइन बदलायला सांगा, त्याला एक पैसा पडत नाही.